परमुलखातील श्रमदान आणि मनःस्वास्थ्य

या वर्षीच्या व्याख्यानमालेसाठी हा विषय आमच्याकडे आला, तेव्हा चिटणीसांना आम्ही प्रथम विचारले की, आपण माणूस तर चुकला नाहीत ना? ज्याने तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून ‘घामाचे दाम चुकते करा’ अशा घोषणा दिल्या, त्याने भर सभेत बिनदामाच्या कामाची थोरवी सांगायची! आमचे सहकारीही हसले. पण विषय मनात घोळू लागला, आणि ध्यानात आले की, या प्रश्नाशी आमची ओळख फार जुनी आहे. माणूस काम का करतो, काम गेले म्हणजे त्याच्या मनाचे काय होते, आणि दामाखेरीज कामातून त्याला दुसरे काय मिळते, हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले होते. म्हणून सुरुवात घरापासूनच करतो. सभेत जे बोललो, तेच येथे थोडे आवरून लिहिले आहे.

आमचे वडील मुंबईच्या एका कापडगिरणीत विणकर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. पगार बंद झाला, पण पहिले काही महिने वडील घरात सापडत नसत. गावोगावहून येणारे धान्य उतरवून घ्यायचे, मापायचे आणि चाळीचाळींतून वाटायचे, हे काम त्यांच्याकडे होते. पोट अर्धे, पण चेहरा उजळ. पुढे संप लांबला, धान्य आटले. कोणी गावी गेले, कोणी मिळेल ती हमाली धरली. संप मागे घेतल्याचे कोणी सांगितलेच नाही. तो विरत गेला. वडिलांना गिरणीने पुन्हा घेतले नाही. त्यानंतरही ते पहाटे पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, दाढी करीत, धुतलेला सदरा घालीत आणि चाळीच्या कठड्याशी येऊन उभे राहत. जायचे कोठे, हे मात्र ठरलेले नसे.

पैशाची ओढाताण दोन्ही काळांत सारखीच होती. मग पहिल्या काळात माणूस ताठ उभा होता आणि दुसऱ्या काळात खचला, याचे कारण काय? आमच्या आईने त्याचे उत्तर एका वाक्यात दिले होते. ती म्हणे, “तेव्हा यांची कोणाला तरी गरज होती.”

आम्ही दहावीनंतर कामाला लागलो. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात. तेथेच केव्हा तरी मारिएंटाल या गावाची हकीकत वाचली, आणि आईच्या वाक्याला शास्त्राचा आधार सापडला. मारिएंटाल ही ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळची एक गिरणीवस्ती. जागतिक मंदीत तेथील गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. १९३१-३२ च्या सुमारास मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण अभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले. घराघरांत काय शिजते येथपासून रस्त्याने माणसे किती वेगाने चालतात येथपर्यंत त्यांनी सारे मोजले आणि १९३३ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपली समजूत अशी की, बेकाराला वेळच वेळ, तेव्हा तो वाचील, फिरेल, चार गोष्टी शिकेल. तेथे उलटेच आढळले. वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. पुरुष रस्त्याने रेंगाळत चालत, वाटेत पुन्हापुन्हा थांबत. बायकांची चाल मात्र झपाट्याची होती, कारण घरचे काम त्यांना सुटलेले नव्हते. दिवसभर काय केले, हे पुरुषांना सांगता येत नसे. हातात वेळ आला, पण त्या वेळेला आकार उरला नाही.

याहोडा बाईंनी पुढे आयुष्यभर या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. काम माणसाला पगाराखेरीज पाच गोष्टी देते, असे त्यांनी सांगितले. काम दिवसाला वेळापत्रक देते. घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देते. एकट्याला न पेलणाऱ्या हेतूत वाटा देते. समाजात एक जागा देते. आणि हातपाय हलते ठेवते. संपाच्या पहिल्या महिन्यांत धान्य वाटताना आमच्या वडिलांकडे या पाचही गोष्टी होत्या. नव्हता तो फक्त पगार. कठड्याशी उभे राहिले तेव्हा पाचही गेल्या होत्या.

येथून आजच्या विषयाचे दार उघडते. या पाच गोष्टींना पगाराचीच अट नसेल, तर बिनपगारी कामातूनही त्या मिळाल्या पाहिजेत. मिळतातही. मग प्रश्न उरतो तो परमुलखाचा. आपल्या गावात कामाला तोटा नसताना माणसाने सीमा ओलांडून का जावे, आणि गेल्याने मनाला अधिक काय मिळते? हे समजण्यासाठी ही प्रथा सुरू कोठून झाली ते पाहू.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. फ्रान्समध्ये व्हर्दंच्या आसपासची गावे तोफांनी भुईसपाट झाली होती. त्यांपैकी एन या खेड्यात १९२० च्या हिवाळ्यात काही माणसे कुदळ-फावडी घेऊन आली. त्यांचा पुढारी पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनीयर होता. बाप एके काळी स्वित्झर्लंडचा राष्ट्राध्यक्ष; पण मुलाने लष्करी कर भरण्यास नकार देऊन तुरुंग पत्करलेला. त्याच्या बरोबरीने काम करणाऱ्यांत जर्मनही होते. ज्या देशाच्या तोफांनी गाव पाडले, त्याच देशाची माणसे ढिगारे उपसू लागली, खड्डे बुजवू लागली, लाकडी घरे उभारू लागली. अधिकाऱ्यांना ते रुचले नाही, आणि काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. पण कल्पना मेली नाही. १९२७ साली ऱ्हाइन नदीच्या पुराने लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या देशात हाहाकार उडवला, तेव्हा दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या देशांतले सातशेहून अधिक स्वयंसेवक शेतांतला गाळ उपसायला आले. सेरेसोलचे ब्रीद असे की, शब्द नकोत, कृती हवी. या चळवळीने आणखी एक नियम घालून घेतला, आणि तो वाचून आम्हां कामगारांना तिच्याविषयी आदर वाटला. तो नियम असा की, स्वयंसेवकाच्या कामाने कोणाही मजुराची रोजी जाता कामा नये.

हा नियम किती मोलाचा आहे, हे दक्षिण वेल्समधील ब्रिनमॉर या गावी दिसते. कोळसा आणि पोलाद यांवर जगणारे हे गाव मंदीत बेकार झालेले. १९३१ साली परदेशी स्वयंसेवक तेथे आले. फुकट मेहनत पाहिली की कामगाराच्या मनात संशय येणारच, कारण फुकट मजुरीने मजुरीचा भाव पडतो, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. पण तेथे हाती घेतलेले काम असे होते की, ज्यासाठी कोणीही मजुरी देणार नव्हते. कचऱ्याच्या उकिरड्याची जागा साफ करून तेथे बाग आणि पोहण्याचा तलाव करायचा होता. आणि गावातले बेकार लोक नुसते बघत बसले नाहीत. पाहुण्यांच्या बरोबरीने त्यांनीही फावडी मारली. आलेल्याला काम मिळाले, तसेच गावकऱ्यालाही मिळाले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

याच सेरेसोलचा आपल्या देशाशीही संबंध आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला. ती बातमी ऐकून तो हिंदुस्थानात आला, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी त्याने नाते जोडले, आणि १९३७ पर्यंत खेपा करून मुजफ्फरपूर भागात काही सोबत्यांसह गावे पुन्हा वसवण्याच्या कामी राबला. त्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा होता. एक गोरा इंजिनीयर बिहारी मजुराच्या शेजारी चिखलात उभा आहे, हे दृश्य त्या काळच्या साहेबी राज्यात किती विलक्षण वाटले असेल, याची कल्पना करावी.

आता आमचा स्वतःचा, लहानसाच, पण प्रत्यक्ष अनुभव सांगतो. आमच्या संघटनेत एक नेपाळी रखवालदार सभासद आहे. त्याचे गाव सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे दगावली, आणि त्या जिल्ह्याची हानी सर्वांत मोठी. त्याचे घर पडले, गावची शाळा पडली. हिवाळा सरता सरता त्याने विचारले की, गावच्या शाळेचे आवार मोकळे करायला आणि पाण्याची वाट बांधायला संघटनेतले चार गवंडी येतील का? पैशांची मागणी त्यात नव्हती. सहा गवंडी, दोन सुतार आणि आम्ही तिघे असे अकराजण तयार झालो. रोजावर जगणाऱ्यांच्या घरी वर्गणीतून तीन आठवड्यांचा शिधा भरला. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सुनौलीची सीमा, मग काठमांडू. पासपोर्ट कोणाकडेच नव्हता. मतदार ओळखपत्रावर भागले. बहुतेकांनी मुलूख म्हणून पाहिलेला हा पहिलाच परदेश.

पहिल्या दिवशी आमची चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. सकाळी उठून आम्ही आपसांत कामे वाटून घेतली आणि भिडलो. दुपारपर्यंत दृश्य असे की, अकरा परके घाम गाळताहेत आणि गावातली तीस-चाळीस माणसे बांधावर बसून बघताहेत. शेवटी एक म्हातारी उठली. सारे तिला ‘आमा’ म्हणजे आई म्हणत. तिने आमच्यातल्या एकाच्या हातातले फावडे काढून घेतले आणि स्वतः ढिगाऱ्यावर चढली. संध्याकाळी रखवालदाराने तिचे म्हणणे उलगडून सांगितले. तिकडे ‘पर्म’ नावाची रीत आहे. आज तू माझ्या शेतात राबलास, उद्या मी तुझ्या शेतात राबेन. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड म्हणतात ती हीच. आमाचे म्हणणे असे की, तुम्ही तर तीन आठवड्यांनी निघून जाणार. मग तुमचे पर्म आम्ही फेडायचे कसे? न फेडता येणारे ऋण अंगावर घ्यायला ती तयार नव्हती.

आम्ही वरमलो. तीस वर्षे ‘आमच्याशी बोलल्याशिवाय आमच्याविषयी काही ठरवू नका’ असे मालकांना सांगणारे आम्ही, तेथे मालकासारखेच वागलो होतो. दुसऱ्या दिवसापासून जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एक त्यांचा, एक आमचा. काम काय करायचे ते सकाळी गाव ठरवी. आमच्यातल्या प्रत्येकाने रोज त्यांच्याकडून काही तरी शिकायचे. डोक्यावरच्या पट्ट्याने पाठीवर ओझे पेलण्यापासून डोंगरउतारावर पाय कसा ठेवावा येथपर्यंत. जेवण त्यांचे, दळण-पाणी दोघांचे. काम पहिल्या दिवसापेक्षा हळू चालले, पण बांधावर बसलेले कोणी उरले नाही.

आमच्यात औशाकडचा एक गवंडी होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याची बहीण गेली, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. हे आम्हांला ऐकून माहीत होते. त्याच्या तोंडून कधीही नाही. दगडमातीच्या जाड भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांना बांधलेले नसले, की धक्क्याने ते फाटून कोसळतात. म्हणून भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारे लांब दगड ठिकठिकाणी आडवे घालावे लागतात. हा किल्लारीने शिकवलेला धडा तो तेथे आपल्या जोडीदाराला मोडक्या हिंदीत समजावून देत होता. जोडीदाराने विचारले, “दाइ, तुम्हें यह कैसे मालूम?” त्यावर बावीस वर्षांत जे बोलला नव्हता ते तो बोलला. जोडीदाराची धाकटी मुलगी गेलेली होती. दोघे बराच वेळ दगडांवर बसून राहिले. मग उठून त्यांनी राहिलेला थर पुरा केला.

त्या रात्री तो आम्हांला म्हणाला, “भाऊ, आमाला तवा समदं भेटलं. कापडं भेटली, भांडी भेटली, घर बी भेटलं. पर कुणी म्हणलं न्हाई की, पोरा, हा दगुड उचलू लाग.”

या एका वाक्यात आमच्या विषयाचे सार आहे. देणाऱ्याला आधार मिळतो, कारण त्याची गरज असते. नुसते घेणाऱ्याचा तोच आधार निसटतो, कारण त्याची कोणाला गरज उरत नाही. त्या गवंड्याचे दुःख नाहीसे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पूर्वी दर ३० सप्टेंबरला तो कामावर न येता तोंड फिरवून पडून राही. त्या वर्षी तो जुन्या गावठाणात जाऊन आला. एवढेच घडले, आणि एवढे पुष्कळ आहे.

मग परमुलखाने अधिक काय दिले? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली ही की, तेथे माणसाचा हुद्दा गळून पडतो. येथे आम्ही कोणाचे पुढारी, कोणाचे विरोधक. आडनावावरून जात ओळखणारे पावलोपावली. तेथे आमचे आडनाव कोणाला काही सांगत नव्हते. जो दगड नीट बसवील तो शहाणा. मनावर वर्षानुवर्षे बसलेले ओझे उतरले म्हणजे किती हलके वाटते, हे ते उतरेपर्यंत कळत नाही. दुसरी गोष्ट, भाषा नीट येत नसल्याने माणूस पुन्हा विद्यार्थी होतो. पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या माणसाला कोणी हात धरून शिकवावे, त्याच्या चुकीला पोरांनी हसावे आणि त्यानेही हसावे, हे मनाला फार पथ्यकर असते. तिसरी गोष्ट, आपल्या दुःखाचे माप बदलते. ते लहान होते असे नव्हे. पण ते आपल्या एकट्याचे उरत नाही. यात दिवसभराच्या मेहनतीने येणारी गाढ झोप मिळवा. झोप न येणाऱ्यांची संख्या आमच्या चळवळीतही थोडी नाही.

हे झाले अनुभवाचे. संशोधक काय म्हणतात? अमेरिकेतील पेगी थॉइट्स आणि लिंडी ह्यूइट यांनी २००१ साली दाखवून दिले की, स्वयंसेवेने माणसाचे समाधान आणि स्वतःविषयीचा आदर वाढतो, खिन्नता कमी होते; पण जी माणसे मुळात सुदृढ मनाची असतात तीच स्वयंसेवेकडे अधिक वळतात, हेही तितकेच खरे. म्हणजे कोंबडी आधी की अंडे, हा वाद येथेही आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील मंडळींनी २०१३ साली चाळीस शोधनिबंध एकत्र पारखले. माणसांचे नुसते निरीक्षण करणाऱ्या अभ्यासांत स्वयंसेवक अधिक समाधानी आणि कमी खिन्न आढळले. पण काटेकोर प्रयोगांतून त्याची खात्री पटली नाही. म्हणून स्वयंसेवा हे हमखास औषध आहे, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

२०१२ सालचा आणखी एक अमेरिकन अभ्यास आम्हांला फार मार्मिक वाटतो. वृद्ध स्वयंसेवकांना विचारले होते की, आपण हे काम कशासाठी करता? दुसऱ्यांसाठी म्हणणाऱ्यांत पुढील चार वर्षांतले मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. स्वतःला बरे वाटावे म्हणून करणाऱ्यांत मात्र ते स्वयंसेवा न करणाऱ्यांइतकेच होते. मनःशांती ही सावलीसारखी आहे. कामाकडे तोंड करून चालावे, ती मागून येते. तिच्यामागे धावू लागलो तर ती पुढे पळते.

आता नाण्याची दुसरी बाजू. परदेशी मदतकार्याला जाणाऱ्या माणसांची पाहणी करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोनशे बारा कार्यकर्ते होते. जाण्यापूर्वी चिंताविकाराची लक्षणे ३.८ टक्क्यांत होती, ती परतल्यावर ११.८ टक्क्यांत आढळली. खिन्नतेची लक्षणे १०.४ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर गेली. म्हणजे संकटाच्या जागी जाऊन मन सुधारण्याऐवजी पोळूही शकते. ज्यांना जिवाभावाची माणसे होती त्यांना हा त्रास कमी झाला, हेही त्याच अभ्यासात दिसले. आम्ही तर तीनच आठवडे गेलो होतो. तरी परतल्यावर पंधरा दिवस कशात मन लागेना. घरच्यांना किती सांगणार, आणि त्यांनी तरी किती ऐकावे? शेवटी अकराजण दर महिन्याला एकदा भेटू लागलो, तेव्हा मन ताळ्यावर आले.

येथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव श्रोत्यांच्या मनात येणारच. १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. इतर परतले, कोटणीस तेथेच राबत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यांना आमचे वंदन असो. पण ते मनःस्वास्थ्य मिळवायला गेले नव्हते, आणि त्यांच्या त्यागाचा गज घेऊन सामान्य माणसाला मोजणे बरे नव्हे. आपल्यासारख्याने आपली झेप ओळखून जावे आणि धडधाकट परत यावे.

याहून वाईट गोष्ट म्हणजे, जाणाऱ्याला बरे वाटते पण त्याची किंमत दुसराच भरतो. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या पाऊणपट वाढली, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप हयात होते. अनाथ वाढले म्हणून अनाथालये वाढली नव्हती. मुलांवर माया करायला येणारे परदेशी पाहुणे आणि त्यांचा पैसा वाढला, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. पाहुणा पंधरा दिवस मुलाला लळा लावतो, कृतार्थ होऊन विमानात बसतो. पुढच्या पंधरवड्यात दुसरा येतो. पाहुण्याचे मन भरते, आणि त्या लेकराचे मन दर पंधरवड्याला नव्याने मोडते. कामगाराच्या भाषेत याला शोषण म्हणतात.

म्हणून परमुलखात श्रमदानाला जाऊ इच्छिणाऱ्याने आधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. हे काम कोणी मागितले आहे; तेथील लोकांनी, की सहल विकणाऱ्या मधल्या माणसाने? या कामाने तेथील एखाद्याची रोजी तर बुडत नाही ना? हे काम आपल्याला येते का. जे आपल्या गावात कोणी आपल्या हाती देणार नाही, ते केवळ परदेश आहे म्हणून तेथे करायला निघालो नाही ना? तेथील माणूस आपल्या बरोबरीने राबणार आहे, की बांधावर बसून बघणार आहे? आणि परतल्यावर आपले ऐकून घेणारे कोण आहे? या पाचांची उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल जावे. ज्याचे मन आजच आजारी आहे, ज्याला रात्री झोप नाही आणि दिवसा उठवत नाही, त्याने मात्र प्रथम डॉक्टरकडे जावे. सीमा ओलांडली म्हणून आजार अलीकडे राहत नाही. तो सामानाबरोबर येतो.

कोणी म्हणेल, आम्हांला कोठला परदेश? खर्च आहे, संसार आहे. खरे आहे. पण परमुलूख नकाशावरच असतो असे नाही. बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तेथे गेलेल्या शहरी मुलांना कुष्ठरोगमुक्त माणसांच्या बरोबरीने मातीत हात घालताना जो मुलूख दिसला, तोही त्यांच्यापुरता परकाच होता. ज्या वस्तीतून आपण कधी गेलो नाही, ज्या माणसाच्या शेजारी कधी बसलो नाही, तेथेही एक सीमा असते आणि ती ओलांडता येते.

आमच्या वडिलांची गोष्ट अर्धी राहिली आहे. दोन-अडीच वर्षे ते कठड्याशी उभे राहत. मग एके दिवशी शेजारच्या बाईंनी विचारले, “काका, तुम्ही तयार असताच, तर आमच्या पोरांना रस्ता ओलांडून शाळेत सोडाल का? आम्हां दोघांनाही पहाटे कामावर जावे लागते.” पहिल्या दिवशी दोन मुले होती, महिन्याभरात चौदा झाली. वडील सातच्या ठोक्याला खाली उतरत, मुलांची गणती करीत, पावसात ओल्या दप्तरांवर ओरडत. पैसा कोणी दिला नाही, त्यांनी मागितला नाही. दुपारी मात्र ते नव्याने काम शोधायला बाहेर पडू लागले, आणि पुढे एका छोट्या कारखान्यात लागलेही. सदरा तोच होता. आता तो घालून जायला ठिकाण होते.

तेव्हा चिटणीसांना आमचे उत्तर असे की, माणूस चुकलेला नाही. बिनदामाचे काम असे काही नसतेच. त्याचाही दाम असतो, तो मनात जमा होतो, आणि आम्ही आजवर मागितलेल्या दामाइतकाच तो खरा आहे. फक्त तो दुसऱ्याच्या खिशातून काढलेला नसावा, एवढी काळजी घ्यावी. सिंधुपाल्चोकच्या त्या आमाने पहिल्याच दुपारी आमच्या हातातले फावडे काढून घेऊन हेच सांगितले होते.